गुरुवारची केळी

"काळी पडलेली केळी आहेत का?"

फळवाला पपई पुसता पुसता थांबला. आजवर सगळ्यांनी पिवळी मागितली होती. ही कोपरापर्यंत पीठ लागलेली मुलगी टाकाऊ मागत होती!

"आहेत की. पण पोट बिघडलं तर मला शिव्या द्यायच्या नाहीत."

"खायची नाहीत, भाजायचीत."

पलीकडच्या बेकरीत ती विटेसारखे चौकोनी, खायचे बार भाजायची. केळी, खजूर, ओट्स, मूठभर अक्रोड… साखरेचा कणही नाही. तिच्या बाबांना साखर वर्ज्य आणि गोडाची आवड मात्र जबर. पहिला ट्रे त्यांच्यासाठीच भाजला होता. सगळा गोडवा फळाचा, म्हणून केळं सालीवर काळे ठिपके येईस्तोवर पिकलेलं हवं.

तेव्हापासून दर गुरुवारी तिची पिशवी तयार असायची.

"घ्या, तुमच्या विटांचा माल."

"विटा म्हणू नका हं! मागच्या गुरुवारी तीन खाल्ल्यात."

"भिंत किती पक्की होते, ते बघत होतो."

पिशवी घेताना बोटाला बोट लागायचं… आणि दोघंही उगाच वजनकाट्याकडे बघायची. बस, एवढंच. गुरुवार ते गुरुवार सात दिवस नव्हेत, तिला सात कोस वाटायचे. वर्ष सरलं. तो विटांवर बोलला, हवेवर बोलला, बोलायचं तेवढं सोडून सगळं बोलला.

मग थोरल्या बहिणीचा फोन आला. दूरच्या शहरात ती नवी बेकरी काढत होती. "तू आणि बाबा, दोघंही या. रविवारपर्यंत सांग."

गुरुवारी तिनं फळवाल्याला सांगितलं. त्यानं एक शब्द उच्चारला असता — एकच — तर ती राहिली असती.

"छान की." त्यानं पिशवीची गाठ दोनदा बांधली. "तिथं… केळी मिळतात ना चांगली?"

"मिळतात!" ती तडक निघाली. पिशवी तिथंच राहिली.

शनिवारी ती पिशवी न्यायला गेली — निदान स्वतःला तरी तिनं हेच सांगितलं. दुकानात त्याची आई बसली होती.

"तूच का गं ती काळ्या केळ्यांची? अगं, आमच्याकडे केळ्याला हात लावायची चोरी! चांगली पिवळीधमक केळी विकायची सोडून हा टांगून पिकवत बसतो. कुणासाठी विचारलं, की मूग गिळून गप्प. ये, बघ तरी."

टाकाऊ नव्हतीच तर ती केळी!

मागच्या खोलीत, खिडकीपाशी, दोरीला केळ्यांची एक हिरवीगार फणी टांगली होती. देठाला चिठ्ठी: 'पुढचा गुरुवार'.

"ही कालच टांगलीय," आई म्हणाली आणि गिऱ्हाइकाच्या हाकेला बाहेर गेली.

काल. म्हणजे ती जाते म्हणाली, त्याच्या दुसऱ्या दिवशी…

तेवढ्यात तो दारात आला. हातात सफरचंदांचं खोकं, कानावर पेन्सिल. तिला पाहून जागीच खिळला.

"मी जाणार म्हटलं होतं ना?"

"म्हटलं होतंस." 'तुम्ही' कधी गळून पडलं, त्याचं त्यालाही कळलं नाही.

"मग ही कुणासाठी?"

त्यानं खोकं खाली ठेवलं. "हिरवी आहे. पिकायला पाच-सहा दिवस लागतील. तोवर… तोवर थांबलीस, तर—"

"आणि पिकल्यावर?"

"दुसरी टांगीन. मग तिसरी. तू फक्त न्यायला येत राहा."

तिनं हळूच त्याच्या कानावरची पेन्सिल काढली. 'पुढचा गुरुवार' खोडलं आणि खाली लिहिलं, 'रोज'.

बाहेरून आईचा आवाज आला, "आता तरी एक केळं खाऊ का रे मी?"