कलिंगड म्हटलं की थांबायचं

हे घडलेलं आहे. माझ्या डोळ्यांसमोर.

ज्याला थट्टा करायची त्याने खुशाल करावी. मीही एकदा केली होती... त्याचंच हे सगळं आहे.

मार्च महिना, मंगळवार, दुपारचे दोन वाजून दहा मिनिटं. म्हणजे रात्र नाही, अंधार नाही, काही नाही. नेब्रास्कातला आमचा टॅलमन काउंटीचा तुरुंग. तळघरातल्या जुन्या रिकाम्या बराकीतली नऊ नंबरची कोठडी.

मी सार्जंट लॉयल हॅवलिक. एकवीस वर्षं नोकरी झाली. कैदी कोठडीतून बाहेर यायला तयार नसला की ज्या पाच जणांना बोलावतात, त्या पथकाचा मी पुढचा माणूस. पुढचा म्हणजे ढालवाला. मी ढालीने माणूस खाली दाबायचा, मागचे चौघे एकेक हात नि एकेक पाय धरणार. माझं वजन एकशे दहा किलो, म्हणून मी पुढे.

दर दुसऱ्या मंगळवारी नऊ नंबरमध्ये सराव चालतो. आमच्यातलाच एकजण कैदी होतो. तो लाथा मारतो, आईमाई काढतो, "सोडा रे, मेलो!" म्हणून बोंबलतो. सगळं नाटक. मग खरंच कोणाला लागलं तर कळणार कसं? म्हणून आमचा एक शब्द ठरलेला.

कलिंगड.

भांडणात माणूस काय वाट्टेल ते बोलेल, पण कलिंगड कशाला म्हणेल? तो शब्द कानावर पडला की सगळ्यांनी हात वर करून मागे व्हायचं. त्याच क्षणी.

बाहेरच्या बोळात ओरिन टिबेट पोछा मारत असायचा. पन्नाशीचा, काडीसारखा. कोर्टाच्या तारखेला गेला नाही म्हणून आत आलेला. सप्... सप्... पोछा चालू आणि डोळे आमच्याकडे.

"साहेब, आज कलिंगड पिकलं की नाही?" मला विचारायचा.

"तुझ्या डोक्यावर फोडू का?"

"फोडा की! पण फोड माझी मोठी हां."

भला माणूस होता हो. खोटं कशाला बोलू.

त्या मार्चच्या आधीच्या ऑगस्टमधल्या एका सकाळी ओरिन कोठडीतून बाहेर येईना. दाराच्या काचेवर त्याने घोंगडी लावली होती. आत काहीतरी पुटपुटत होता. अंगात ताप होता, हे नंतर कळलं. विचारायला थांबलं कोण? आम्ही दार उघडून घुसलो. मी ढाल लावली आणि तो पालथा पडला.

"साहेब, श्वास घेता येत नाही..."

आमच्यात एक म्हण आहे. बोलतोय ना, म्हणजे श्वास चालू आहे. जुन्यांनी मला शिकवली, मी नव्यांना शिकवली.

मग तो म्हणाला, "कलिंगड."

स्पष्ट.

मला हसू आलं. माझ्यामागे त्याचा हात धरून स्टिन्सन होता, तोही फिस्सकन हसला. मी म्हणालो, "अरे बाबा, ही प्रॅक्टिस नाही!"

"कलिंगड, साहेब..."

मी दाबून धरलं.

तिसऱ्यांदा अगदी हळू म्हणाला. ढालीला कान लागला होता म्हणून मला ऐकू आलं. "कलिंगड..."

मग गप्प.

"झाला शांत," मी म्हणालो.

तो परत उठला नाही.

चौकशी झाली. कॅमेऱ्यात चित्र होतं, आवाज नव्हता. मला विचारलं, कैदी काही बोलला का? मी लिहिलं, शिवीगाळ केली. स्टिन्सननेही तेच लिहिलं. करून सवरून नामानिराळे झालो.

त्याची बहीण आली होती. डेल्फीन. शाळेची बस चालवते. रडली नाही, ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "भाऊ शेवटचं काय बोलला, तेवढं सांगा. मला दुसरं काही नको."

मी म्हणालो, "काही नाही बोलला, बाई."

तिने एका चिठ्ठीवर फोन नंबर लिहून दिला. आठवलं तर सांगा म्हणाली.

चिठ्ठी माझ्या पाकिटात आहे.

त्यानंतर आम्ही शब्द बदलला. आता 'टपालपेटी' म्हणतात. नव्या पोरांना जुना शब्द कोणी सांगितलाच नाही. मी ढाल सोडली, शिकवायला लागलो.

आता तो मंगळवार.

चार नवे आणि स्टिन्सन, असं पाच जणांचं पथक. कैदी झाली होती मारिट क्विस्ट. नोकरीला लागून तीन आठवडे झालेली, चुणचुणीत मुलगी. हेल्मेट घालताना म्हणाली, "सर, मी अशा शिव्या देणार आहे की तुमचे कान किटतील!"

"दे बाई. आजच्या दिवस माफ."

मी बोळात उभा राहिलो. तेवढ्यात...

सप्... सप्...

मी स्टिन्सनला विचारलं, "खाली फरशी पुसायला कोणाला पाठवलंय?"

"कोणाला नाही. त्याच्यानंतर बंदच केलंय की."

बोळात कोणी नव्हतं. पण फरशीवर ओला पट्टा होता. जिन्यापासून निघून सरळ नऊ नंबरच्या दाराशी थांबलेला. स्टिन्सनला काही बोललो नाही. खाई त्याला खवखवे, दुसरं काय.

शिट्टी वाजवली. पाचजण आत घुसले. धडाधड आवाज, मारिटच्या शिव्या, हसणं. ती पालथी पडली आणि वर ढाल आली.

शिव्या थांबल्या.

मला वाटलं, दमली असेल.

मग ढालीखालून आवाज आला...

"कलिंगड."

पुरुषाचा आवाज होता. पन्नाशीतल्या माणसाचा.

मी पोरांकडे पाहिलं. कोणी थबकलं नाही. स्टिन्सनला तो शब्द माहीत होता, तोही थबकला नाही. म्हणजे त्याला ऐकूच आला नव्हता. शिट्टी हातात होती, हात उचलेना.

"कलिंगड, साहेब..."

मला ठाऊक होतं, तिसऱ्यांदा हळू येणार. आणि मग गप्प.

"सोडा!" मी ओरडलो. "सोडा तिला! हात वर!"

स्वतःच आत घुसून ढाल उपटली. मारिटचे ओठ निळे पडले होते. हेल्मेटचा पट्टा सरकून गळ्यात रुतला होता. तिच्या तोंडून शब्द फुटणं शक्यच नव्हतं. टपालपेटी नाही, काही नाही. पट्टा कापला. ती खोकली.

"सर, तुम्हाला कसं कळलं?" पोरं विचारत होती.

तासाभराने दवाखान्याच्या खोलीत मारिटला भेटलो. घसा बसला होता. हळूच म्हणाली, "सर, एक विचारू? हसाल."

"नाही हसणार."

"ढालीखाली माझ्या शेजारी कोणीतरी पडलेलं होतं. गालाला गाल लावून. त्याच्या अंगाला फिनेलचा वास येत होता. मला बोलता येत नव्हतं ना... तर माझ्यासाठी तोच बोलत होता. कलिंगड, कलिंगड." ती माझ्याकडे बघत राहिली. "सर, कलिंगड म्हणजे काय?"

आता तरी सांगायचं होतं. त्याने माझ्या हातून दुसरा जीव जाऊ दिला नाही. शब्द तोच, ढाल तीच. माझ्यासारख्या माणसाला तो पुन्हा साहेब म्हणाला.

मी म्हणालो, "काय की. तुला भास झाला असेल."

लाज वाटते लिहायला, पण असंच म्हणालो.

याला चार महिने झाले. नऊ नंबरला आता कुलूप आहे, सराव वर जिममध्ये होतो. स्टिन्सन त्या दिवसाबद्दल बोलत नाही, मीही नाही. डेल्फीनच्या बसमागे एकदा सिग्नलला थांबलो होतो. आरशात तिने मला पाहिलं. सिग्नल हिरवा झाला तरी माझी गाडी हलेना.

आज हे तुम्हाला सांगितलं. तिला अजून नाही.

आणि एक गोष्ट राहिलीच. ऑगस्टमध्ये तो तीनदा म्हणाला होता. मार्चमध्ये दोनदाच म्हणाला, कारण मी थांबवलं.

तिसरा राहिलाय.

घरी जेवताना, गाडीत, अंघोळीला, मी कान देऊन असतो. काल संध्याकाळी पाकिटातली चिठ्ठी काढली, नंबर फिरवला. पलीकडून ती म्हणाली, "हॅलो?"

मी तोंड उघडलं... आणि माझ्यामागे, माझ्याच स्वयंपाकघरात, फरशीवर...

सप्.

मी फोन ठेवून दिला.