नववा प्रोसेसर

आमच्या कॅनबेराच्या ऑफिसात एक नियम होता: चेंडू ज्याच्या हातात, त्यानेच कर्नलला हात लावायचा. कर्नल म्हणजे संगणक चालवणाऱ्या प्रणालीचा गाभा. चेंडू क्रिकेटचा, लाल, आणि त्यावर माझ्या दातांची खूण. (पैज हरले होते. नका विचारू.) नियम क्लेमचा, आमच्या म्हाताऱ्या साहेबाचा. त्याने कर्नलही तसाच बांधला होता. यंत्रात प्रोसेसर आठ, पण गाभ्यात शिरायला कोडमधलं कुलूप एकच. एक आत, सात बाहेर ताटकळत.

जुलैत, आमच्याकडच्या हिवाळ्यात, क्लेम गेला. चेंडू मीच शवपेटीत त्याच्या हातात ठेवला. ढसाढसा रडले, खोटं कशाला बोलू. मग माझा सहकारी डूगल आणि मी कामाला लागलो. आमच्या यंत्राला वणव्याचा अंदाज काढायला नऊ तास लागायचे. माझी बहीण नोला रानाच्या कडेला मेंढ्या पाळते. नऊ तासांत आग तिच्या दारात पोचेल. क्लेमचं मोठं कुलूप काढून ठिकठिकाणी छोटी कुलपं लावली, तर आठही प्रोसेसर एकदम जुंपता येणार होते. अंदाज दोन तासांत. पण हे सगळं डिसेंबरच्या, म्हणजे इथल्या उन्हाळ्याच्या आणि वणव्यांच्या, आत व्हायला हवं होतं.

नोव्हेंबरात मोठं कुलूप निघालं. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेदहाला, ऐन चहाच्या वेळी, यंत्र गोठलं.

“मोठं कुलूप कुणीतरी धरून ठेवलंय,” डूगल म्हणाला.

“अरे, काढलं ना ते!”

“काढलंय गं बाई. पण पडद्यावर बघ. आठ नंबरने धरलंय.”

आमची मोजणी शून्यापासून. आमचे प्रोसेसर शून्य ते सात; आठ नंबर म्हणजे नववा. मी झाकण उघडून बोटाने मोजले. आठच होते.

डोकं शांत ठेवून, कुलूप जिथे धरलं होतं ती कोडची ओळ आम्ही शोधली. तिथे डूगलची घोडचूक सापडली. एका वाटेने नकाशाचं कुलूप आधी आणि वाऱ्याचं नंतर, दुसऱ्या वाटेने नेमकं उलट. कधीतरी दोन प्रोसेसर एकमेकांची वाट बघत कायमचे अडकले असते, कदाचित वणव्याच्याच दिवशी. अजून अडकले नव्हते.

“क्लेमने नेमकं हेच पकडलं असतं,” डूगल पुटपुटला.

“गप रे. चहा पी.”

चूक सुधारली, यंत्र चाललं. दोन दिवसांनी पुन्हा साडेदहाला गोठलं. पुन्हा आठ नंबर, पुन्हा त्याने धरलेल्या ओळीत चूक, आणि ही माझी. अकरा दिवसांत अशा सात सापडल्या. मला भीती वाटायला हवी होती, पण खरं सांगते, बरं वाटायचं. डूगल तर तिसरा कप भरायला लागला, क्लेम घ्यायचा तसा, बिनदुधाचा, दोन चमचे साखर.

“काय म्हाताऱ्या, आज कुणाची विकेट?” तो यंत्राला विचारायचा.

संध्याकाळी तो कप रिकामा असायचा. डूगल म्हणे मी प्यायले. मी म्हणे डूगल प्यायला.

बाराव्या दिवशी साडेदहा वाजले आणि यंत्र चालतच राहिलं.

डिसेंबरात नोलाच्या टेकडीमागे वणवा पेटला. अंदाज एक तास पन्नास मिनिटांत हातात आला. मी तिला लगेच फोन केला.

दुपारी तिचा उलट फोन आला. “शेड गेली गं. पण मेंढ्या, कुत्री, मी, सगळे इथे मैदानात. तू खुळी आहेस, पण कामाची!”

फोन ठेवला. किती दिवसांनी असं हलकं वाटत होतं.

सवयीने पडद्याकडे पाहिलं. शून्य ते सात. आठ नंबर नव्हता.

मोठ्या कुलपापुढे लिहिलं होतं: सोडलं.

“हा तू आणलास?” डूगलने विचारलं. तो माझ्या टेबलाकडे बघत होता.

चेंडू. शिवणीत ओली माती. दातांची खूण माझीच.

मी तो उचलला. उबदार होता.