ॲट विसरलात!

"अहो, हे मशीन बिघडलंय. माझी रेघ पळतेय!"

मागून कुणीतरी हसलं. नकाशे काढणाऱ्या त्या ऑफिसात माझा पहिलाच दिवस होता. माझा कॉम्प्युटर अजून लागायचा होता, म्हणून रिकामी खुर्ची दिसली तिथे मी बसले. ती नेमकी त्या हसणाऱ्याची निघाली. मला भिंत उजवीकडे तीन मीटर न्यायची होती आणि रेघ तडक पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात जाऊन पडली होती.

"मशीन ठणठणीत आहे. तुम्ही ॲट विसरलात," तो म्हणाला. "नुसते आकडे दिले की ते कोपऱ्यातल्या शून्य-शून्य बिंदूपासून मोजतं. रेघेच्या मागच्या टोकापासून मोजायचं, तर आकड्यांआधी ॲट, ते ईमेलमधलं @ चिन्ह."

तो वाकला, कळ दाबली. शर्टाला ताज्या इस्त्रीचा वास होता. रेघ शहाण्यासारखी उजवीकडे गेली. माझं लक्ष मात्र... जाऊ दे!

तो स्वतः सगळं त्या कोपऱ्यातल्या बिंदूपासूनच मोजायचा, म्हणून ऑफिसात त्याचं नाव शून्यशून्य. मला तो ॲट म्हणू लागला.

"ॲट, चहा?"

"विचारतोयस की चिडवतोयस?"

"दोन्ही. साखर किती?"

मी हसायचे, पण मनात दिवस मोजायचे. मी चाचणीवर होते. नापास झाले तर घरी परत, आत्याच्या शिवणाच्या दुकानात काजं करत बसायचं, हे बाबांनी आणि आत्याने ठरवूनच टाकलं होतं. आणि हा इथेच राहणार होता...

चाचणीच्या दिवशी आमच्या ऑफिसच्या प्रमुख मॅडमनी गोल जिना काढायला दिला. "जेवणाच्या सुट्टीआधी. माझ्यासमोर."

"प्रत्येक पायरीचं टोक कॅल्क्युलेटरवर काढून घे," शून्यशून्य कुजबुजला.

"गप रे! तोवर संध्याकाळ होईल."

मी मधला बिंदू धरला आणि तिथून नुसतं अंतर आणि कोन देत सुटले. ॲट बाराशे, कोन तीस. पुन्हा मधून, ॲट बाराशे, कोन साठ. पायऱ्या पंख्याच्या पात्यांसारख्या उलगडत होत्या. आणि एकदम मला घाम फुटला. जिना डावीकडे वळत शेजाऱ्याच्या भिंतीत घुसत होता!

मॅडम खाकरल्या. शून्यशून्यचा चेहरा माझ्यापेक्षा पांढरा पडला होता.

साधा कोन डावीकडे फिरतो. मग उजवीकडे फिरवायचं तर... उणे! मी सगळं पुसलं आणि प्रत्येक कोनाआधी उणे लावत गेले. जिना झोकात उजवीकडे वळला. शेवटची पायरी वरच्या दाराला बरोब्बर टेकली.

मॅडमनी एकेक टोक तपासलं. "चाचणी संपली. उद्यापासून तू कायम."

मी नाचत बाहेरच्या जिन्यात गेले आणि बाबांना फोन लावला. "बाबा, जिंकले! आत्याला सांगा, काजं करायला दुसरी कुणी बघ. आणि अजून एक... थांबा, आधी त्याला विचारते."

तो माझ्या मागोमाग आलाच होता.

"काय रे, मला तू आवडतोस. तुझं काय?"

"मी... म्हणजे... तू गेली असतीस तर... म्हणून बोललो नाही—"

"आता नाही जात. बोल."

"आवडतेस," तो अगदी हळू म्हणाला. "फार आवडतेस."

मी त्याचा हात घट्ट धरला. कानाशी बाबा ओरडले, "अगं, फोन चालू आहे! त्याला म्हणावं जरा मोठ्याने बोल, आत्यालाही ऐकायचंय!"