तिसरी किल्ली

आयर्लंडच्या दक्षिणेला, नदीच्या वळणावर वसलेला किलडोराचा मठ झुंजूमुंजूच्या धुक्यातून नुकता कुठे वर येत होता. त्या दिवशी प्रार्थनेच्या घंटेआधीच तिथे घोड्यांच्या टापा वाजल्या. इंग्लंडच्या राजाने मठ खालसा करण्याचं फर्मान काढलं होतं आणि त्याचा अंमलदार वॉल्टर वीस स्वारांनिशी दारात उभा होता.

पण नुसत्या फर्मानाने भागत नव्हतं. मठाने आपण होऊन सारा जमीनजुमला राजाच्या पायी वाहिला, असं सोडपत्र हवं होतं आणि त्यावर मठाचा शिक्का हवा होता. शिक्का ठेवलेला ओकच्या पेटीत, तीन कुलपांआड. पूर्वजांनी नेमच घालून दिला होता: किल्ल्या तिघांकडे, तिघेही राजी असतील तरच पेटी उघडायची. एक महंत फेलिमांकडे, दुसरी कोठीवाल्याकडे आणि तिसरी मालाखीकडे. हा मालाखी म्हणजे तीस वर्षं रुग्णशाळेतल्या महारोग्यांच्या जखमा धुणारा म्हातारा साधू.

कोठीवाल्याने किल्ली निमूट दिली. महंतांची तर आधीच कुलपात होती! सौदा केव्हाच ठरला होता: जमीन महंतांच्या पुतण्याला जहागीर, मठाच्या इमारतीची त्याच्यासाठी हवेली, रुग्णशाळेत त्याचे शिकारी कुत्रे आणि तिथले अकरा रोगी रस्त्यावर. अहो, ज्याच्या हातून प्रसाद घ्यायचा त्यानेच अन्नात माती कालवली, तर जायचं कोणाकडे?

महंतांनी मालाखीच्या खांद्यावर हात ठेवला. हवेलीत उबेची खोली मिळेल, रोज ताटात मांस पडेल, असं लाडीगोडीने पुष्कळ सांगितलं. तीस वर्षांत मालाखीला कुठल्या जखमेची शिसारी आली नव्हती. त्या गुबगुबीत हाताची आली.

"महाराज," तो म्हणाला, "हात काढा."

मग तो शौचकूपापाशी गेला आणि सगळ्यांदेखत किल्ली खालच्या खड्ड्यात सोडून दिली.

स्वारांनी कुऱ्हाडी उचलल्या, पण वॉल्टरने त्यांना थांबवलं. पेटीवर घाव दिसला तर उद्या कोणीही तो जबरदस्तीचा पुरावा म्हणून पुढे करील आणि जहागिरीवर वाद उभा राहील, हे तो पुरता ओळखून होता. त्याने रुमाल नाकाला लावला.

"महंत, जहागीर तुमच्या घरात जायची आहे. किल्ली तुम्हीच काढा."

वाटलं, इथे तरी माणूस लाजेल. कसचं काय! ज्या झग्यात वेदीपुढे उभे राहायचे, तोच महंतांनी कमरेला खोचला, शिडीने खाली उतरले आणि कोपरापर्यंत हात घालून त्या घाणीत चाचपडू लागले. बाकीचे साधू भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. मालाखी मात्र बघत राहिला, कारण कोणीतरी बघायला हवंच होतं. बऱ्याच वेळाने किल्ली हाती लागली, तेव्हा महंत हसले.

पेटी उघडली, शिक्का उठला. 'निर्मळ मनाने, एकमताने, कोणाच्याही धाकाविना' असं सोडपत्रात लिहिलं गेलं आणि ते दप्तरात जपून ठेवलं गेलं. कागदाला वास येत नाही.

मालाखी रोग्यांना घेऊन त्याच दिवशी बाहेर पडला. हिवाळा सरला तेव्हा त्यांतले चौघेच उरले होते. मालाखी त्याआधीच गेला होता.

गावची माणसं पुढे हवेलीवरून जाताना नाक दाबून जायची. पुतण्याच्या नातवाने एकदा एका म्हातारीला हटकलं, कुत्र्यांचा एवढा वास येतो का म्हणून.

"कुत्र्यांचा नव्हे, सरकार," ती म्हणाली, आणि नाक न सोडता पुढे गेली.