मोजणीतून एक नाव कमी

मुडबीच्या चढावर एक म्हातारा मधेच थांबला आणि वाकून पोटरी दाबू लागला. रिक्षातून ते दिसलं, तशी मल्लेश्वरी तिथंच उतरली.

"मामा, थांबलं की दुखणं जातंय का?"

"जातंय. चाललं की पुन्हा धरतंय," इरप्पा म्हणाला.

मागून आलेला त्याचा मुलगा सिद्धराम हसला. "रस्त्यातच तपासायलाव? डॉक्टर हाव का तुमी?"

"न्हाई. ह्याच दुखण्यावर संशोधन करायलेय, कडगंचीच्या विद्यापीठात."

पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्या की पोटरीचे स्नायू दुबळे का होतात, हे ती शोधत होती. तिनंच मागं लागून इरप्पाला कलबुर्गीच्या डॉक्टरांकडे पाठवलं. बिडी सुटली, गोळ्या आणि रोजचं चालणं सुरू झालं. अधूनमधून ती गावच्या शाळेत यंत्र मांडून त्याच्या पोटरीची ताकद मोजायची. तुलनेसाठी निरोगी पायही हवे होते. सिद्धराम आपणहून खुर्चीत बसला.

तिनं त्याच्या घोट्याजवळ नाडीवर बोटं ठेवली.

"काय म्हणतीय?"

"लई पळायलीय."

"माणूस बघून पळत असंल..."

तिची मोजणी चुकली. पुन्हा मोजताना तिनं मान वर केली नाही.

त्यानंतर कडगंचीत तिचं कशात मन लागेना. आलेख उघडायची, मिटायची. खिडकीशी जायची, परत यायची. 'अप्पा आज न थांबता शेतापर्यंत गेले' – सिद्धरामचा एवढाच निरोप, पण ती तो पुन्हापुन्हा वाचायची. यात आपल्यासाठी काही आहे का? अन् असलं तरी... अभ्यासातल्या माणसात जीव गुंतवायचा नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

पुढच्या मोजणीला इरप्पाची ताकद थोडी वाढलेली निघाली. तो खुशीत बाहेर गेला. सिद्धराम मात्र खुर्चीत बसेना.

"माझं नाव काढा ह्यातनं."

तिनं झटकन मान वर केली. "कामून? काही चुकलं माझं?"

"न्हाई. ह्यात असंपर्यंत तुमी नुसत्या म्याडम. मला... येगळं बोलायचंय."

ती यंत्राची वायर उगीच गुंडाळत राहिली.

"काढते," ती म्हणाली. "पण मग मामांची मोजणीबी रूपाकडं द्यावी लागंल – माझ्यासंगं काम करती ती."

"अप्पाची कामून?"

"सासऱ्याची मोजणी मी कशी –"

शब्द निसटला होता. सिद्धराम बघतच राहिला. तिनं तो परत घेतला नाही.