घमेल्याखालचं पाऊल

लाइट गेलीच आहे तर बसा सगळे. पण मधेच कोणी फिदीफिदी हसलं तर मी उठून जाईन, आधीच सांगून ठेवतो. ही कुठून तरी कानावर आलेली गोष्ट नाही. सहादू आणि मी नाशिक नगरपालिकेत एकाच खात्यात होतो. त्यानं हे मला एकदाच सांगितलं, आणि नंतर कधी विषय काढू दिला नाही.

तेव्हा गोदावरीच्या काठी, वस्ती संपल्यावर, टेकडीवर एक बाग होती. सहादू तिथला माळी आणि राखणदारही तोच. माथ्यावर जायला दगडी पायऱ्या, आणि पायऱ्यांच्या मधे मधे नदीची वाळू टाकलेल्या पायवाटा. बागेतलं चंदनाचं एक झाड चोरांनी कापून नेलं, तेव्हापासून साहेबांचा हुकूम होता: बाग बंद झाली की वाटांवरची वाळू सपाट करायची. सकाळी त्यावर पाऊल दिसलं की समजायचं, रात्री कोणी शिरलं होतं. त्यासाठी सहादूकडे लांब दांड्याला आडवी ठोकलेली एक फळी होती. ती पुढे टेकवायची, आपल्याकडे ओढायची आणि एक पाऊल मागे सरायचं. असा उलटा चालत तो माथ्यापासून फाटकापर्यंत उतरायचा. काम चोख, मागे स्वतःचंसुद्धा पाऊल राहायचं नाही.

त्याची बायको विमल रोज सातच्या सुमारास जेवणाचा डबा घेऊन माथ्यावर यायची आणि डबा देऊन परत फिरायची. ती चालायची अनवाणी. तिच्या उजव्या पायाला करंगळी नव्हती, लहानपणी बैलगाडीच्या चाकाखाली गेलेली. सहादू चेष्टेनं म्हणायचा, "बागेत तू शिरलीस तर मी लगेच पकडीन. चार बोटांचा चोर नाशकात एकच."

१७ नोव्हेंबर १९७७. विमल डबा देऊन खाली गेली. सहादूनं फळी उचलली आणि रोजच्यासारखा उलटा निघाला. तिची पावलं एकेक करून पुसत पाऊण तासानं फाटकाजवळ पोचला, तेव्हा त्याची टाच कशाला तरी लागली. मऊ होतं. विमल वाळूत पडली होती.

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, हृदयाचा झटका होता, अर्धा तास आधी आणलं असतं तर काही करता आलं असतं. फाटकावर दिवा होता, पोरांनो. सहादूनं एकदा, एकदाच मान वळवली असती, तर ती वरूनसुद्धा दिसली असती.

तो रडला नाही. चौथ्या दिवशी कामावर आला. चहा गरम आहे की गार, त्याला कळेना. कंदिलाच्या काचेनं हात भाजला, तो शेजारणीनं फोड दाखवला तेव्हा कळलं. माणूस चालतंबोलतं होतं, पण आतून पार सुन्न.

विमलची आई सखुबाई विंचूरहून येऊन राहिली होती. तिनं एकच गोष्ट धरून ठेवली.

"जावईबापू, पडली तवा तिचं डोकं कुनीकडं व्हतं? फाटकाकडं, का वर तुमच्याकडं?"

"आठवत नाय, आत्या."

"आठवा की. वर असंल तर ती तुमाला हाक माराया फिरली व्हती. माझी लेक गुमान गेली का हाका मारत गेली, येवढंच मला कळू द्या."

त्या रात्री सगळी धावाधाव, चार जणांनी उचललेली. वाळूत लिहिलेलं होतं ते, आणि त्यानंच स्वतःच्या हातानं पुसलेलं. घरात विमलचा फोटोही नव्हता.

दहाव्या दिवशी सखुबाईनं परातीत पीठ काढलं. जुनी रीत होती. माणूस गेलं त्या जागी पीठ पसरायचं, दिवा ठेवायचा, वर टोपली पालथी घालायची. सकाळी पिठावर ठसा बघायचा.

"आपल्यात हे बंद झालं, आत्या. छप्पन साली, दीक्षा घेतली तवाच," सहादू म्हणाला. त्यालाही वाद घालायचा नव्हता. तोंडात आलं ते बोलला. म्हातारीनं पीठ पुन्हा डब्यात ओतलं.

ती रात्र २६ नोव्हेंबरची. शनिवार, कार्तिकी पुनवेच्या दुसऱ्या दिवशीची. साडेसात वाजले होते. थंडी होती, आणि चांदणं इतकं की कंदील लागेना. सहादूनं माथ्यावरची वाट केली, पायऱ्या उतरला आणि खालची वाळू ओढायला लागला. चार हात झाले असतील.

सपाट केलेल्या वाळूत एक पाऊल होतं.

अनवाणी. उजवं. चार बोटांचं.

त्याला भीती वाटली नाही. काहीच वाटलं नाही. हाताला सवय होती, हातानं फळी टेकवली. पाऊल पुसलं. तो मागे सरला.

समोर दुसरं उमटलं. डावं.

तेही पुसलं. मागे सरला.

पुन्हा उजवं...

आवाज नव्हता. बांगडी नाही, श्वास नाही. नुसती वाळू दबत होती. बोटं त्याच्याकडे. तो पुसतोय, ते येतंय. तो पुसतोय...

मग त्याला कळलं, आपण काय करतोय ते. पुन्हा तेच.

फळी हातातून पडली.

सहादू वाटेच्या कडेला झाला. पावलं त्याच्या शेजारून पुढे गेली. उजवं, डावं. तो मागून गेला. या वेळी तोंड फाटकाकडे करून. जिथे त्याची टाच लागली होती, तिथवर पावलं गेली. त्याच्याही पुढे गेली. दहा हात. आणि थांबली.

बराच वेळ काही नाही.

मग फिरली.

वर. त्याच्याकडे. एक... दोन... तीन... चौथं पाऊल त्याच्या पायापासून हातभर अंतरावर उमटलं.

"विमल..."

...

"मला ऐकू नाय आलं गं."

...

पाचवं पाऊल आलं नाही.

सहादूनं फाटकाशेजारच्या अवजारांच्या खोलीतून घमेलं आणलं. त्या शेवटच्या पावलावर पालथं घातलं. वर दगड ठेवला, फाटकाला आतून कुलूप लावलं, आणि घमेल्याला टेकून बसला. म्हातारीला दाखवायचं होतं त्याला, बस्स. रात्रभर उठला नाही. पापणी मिटली नाही म्हणाला, आणि मी त्याच्यावर विश्वास ठेवतो.

उजाडताना सखुबाईच त्याला शोधत आली. त्यानं कुलूप काढलं. वाळूत त्याची स्वतःची पावलं होती, पण विमलच्या बाकीच्या पावलांचा मागमूस नव्हता.

"काय झाकलंय हे?"

"तिचं पाऊल. वर फिरली व्हती, आत्या. हाक मारत व्हती. मीच नाय ऐकलं."

म्हातारी खाली बसली. दगड तिनंच बाजूला केला, घमेलं तिनंच उचललं. वाकून बघत राहिली.

"कुनीकडं फिरली व्हती म्हनला?"

"वर. माझ्याकडं."

"बघा."

सहादूनं बघितलं. आणि दहा दिवस दगड झालेला तो माणूस तिथंच वाळूत ओणवा होऊन ढसाढसा रडायला लागला. सखुबाई त्याच्या पाठीवरून हात फिरवत होती.

दगड रात्रभर हलला नव्हता. घमेलं हललं नव्हतं. पाऊल तेच होतं, उजवं, चार बोटांचं.

बोटं फाटकाकडे होती.