दगडाबाईचं सारवण

विश्वास ठेवा, नका ठेवू. पण ही माझ्या बन्सीधरमामाच्या बाबतीत घडलेली खरी गोष्ट आहे, आणि मामा थापा मारणारा माणूस नव्हता.

साल १९५६. मराठवाडा मुंबई राज्यात गेला, त्या हिवाळ्यातली एक दुपार. पालमजवळचं आमचं गाव.

मामा हैदराबादेत चित्रकला शिकून आलेला. त्याच्या चित्रात ना देव, ना झाड. नुसते रंगांचे जाड थर. गेरू, नीळ, त्यात वाळू आणि भुसा. लोक हसायचे, "रंगवायलाय का लिंपायलाय?"

शेजारी आश्रुबा आणि त्याची लहानगी लेक दैवशाला. आश्रुबाची बायको दगडाबाई नवरात्राआधी भिंत सारवून झाल्यावर तापानं गेली. तिची करंगळी विळ्यानं तुटलेली, म्हणून तिच्या सारवणात तीनच बोटांच्या कमानी उठायच्या. आश्रुबानं ती भिंत दिवाळीलाही पुन्हा सारवू दिली नाही. दैवशाला रोज त्या कमानींवरून बोटं फिरवायची.

मग बापलेक कापूस वेचायला मानवतकडे गेले. घर मामाच्या भरवशावर.

आणि मामाची बुद्धी फिरली. त्या भिंतीसारखा पोत त्याला कुठल्याच रंगात साधत नव्हता. कमानींचा पोपडा तो अख्खा काढायला गेला... हातात भुगा आला. तोच त्यानं रंगात कालवला. हे पाप त्याचंच. माझा मामा असला म्हणून मी ते झाकणार नाही.

चित्र काही वाळेना.

दुसऱ्या दुपारी मामा जेवत होता. आतून आवाज आला...

सर्र... सर्र...

ओल्या हातानं भिंत सारवताना येतो तसा.

खोलीत कुणीच नव्हतं.

रंगात तीन बोटांच्या कमानी उठल्या होत्या.

त्यानं पात्यानं रंग सपाट केला. पुन्हा आवाज... पुन्हा कमानी. मामानं ताट तसंच झाकून ठेवलं. पोरीला काय तोंड दाखवायचं, एवढंच डोक्यात.

बापलेक परतले. उघडी पडलेली भिंत पाहून दैवशाला रडली नाही, कमानींच्या जागेवरून बोटं फिरवू लागली. मामानं सगळं कबूल केलं आणि चित्र तिच्यापुढे धरलं.

तिनं कमानींवर बोटं ठेवली...

"मामा, मायचा हात हालायलाय. लय दमली ती. कामच सरंना तिचं."

आश्रुबा आता शिव्या घालणार, असं मामाला वाटलं. घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

तो एवढंच म्हणाला, "बन्सीभाऊ, तिचं सारवून झालं व्हतं."

त्यानं चित्र घरात घेतलं नाही. मामानं पुन्हा कुंचला धरला नाही.

आता ते चित्र माझ्याकडे आहे. रंग वाळला का, हे मी हात लावून पाहिलेलं नाही.